नाक्यावरचा मेकॅनिक पुस्तक कुठे वाचतो?

प्रश्न : माझ्याकडे आठ वर्षांची, तीन सिलिंडरची लहान पेट्रोल गाडी आहे. येत्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग स्वतः बदलायचे ठरवले आहे. व्हिडिओ चार-पाच वेळा पाहिला, सामान आणून ठेवले. शेजारचे काका म्हणतात, आधी गाडीचे पुस्तक वाच. पण आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक इतकी वर्षे गाड्या खोलतो, त्याच्या हातात मी कधी पुस्तक पाहिलेले नाही. मग ते खरेच लागते का?
– एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे. त्याच्या हातात पुस्तक दिसत नाही. पण तो गॅरेजमध्ये नवा होता तेव्हा पहिली दोन-तीन वर्षे त्याने पाने पुसले, सुटे भाग रॉकेलमध्ये धुतले, वस्तादाने हात पुढे केला की नेमका तोच पाना त्याच्या हातात ठेवला. ‘तो नको, आधी हा खोल’, ‘बस, आता आवळू नकोस’ हे त्याने दिवसातून पन्नासदा ऐकले. त्याचे पुस्तक त्याने असे कानाने वाचले आहे. रविवारी सकाळी तुम्ही बोनेट उघडाल तेव्हा तुमच्या मागे वस्ताद उभा नसेल. काकांचे ऐका.

मी हे ठामपणे सांगतो, कारण हा धडा मी पंधराव्या वर्षी घेतला आहे. घाटकोपरला पंतनगरमध्ये वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी होती. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, कुर्ल्याला, ती तयार झालेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि १९६४ पासून फियाट ११०० ही गाडी ‘डिलाइट’ नावाने कुर्ल्यात बनू लागली. तिचीच पुढे पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, वर कार्ब्युरेटर, बाजूला डिस्ट्रिब्युटर. बोनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. त्या काळी उपनगरांतल्या कॉलन्यांत रविवार सकाळ म्हणजे दोन-तीन उघडी बोनेटे आणि प्रत्येकाभोवती चार माणसे. मीही एका रविवारी वडील बाजारात गेलेले असताना प्लग साफ करायला घेतले. चारही तारा एकदम उपटल्या, प्लग काढले, घासून चकचकीत केले, परत बसवले. मग तारा हातात धरून उभा राहिलो. कुठली तार कुठल्या प्लगची?

अंदाजाने लावल्या. गाडीने सायलेन्सरमधून एवढा मोठा बार काढला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. वडील आले, काही बोलले नाहीत. डॅशबोर्डच्या खणातून त्यांनी तेलाचे डाग पडलेली पुस्तिका काढली आणि एका ओळीवर बोट ठेवले : १-३-४-२. फायरिंग ऑर्डर. कुठल्या सिलिंडरनंतर कुठल्या सिलिंडरला ठिणगी मिळायची, त्याचा क्रम. पहिल्या सिलिंडरची तार डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत कुठे बसते आणि आतला रोटर कोणत्या बाजूला फिरतो, एवढे कळले की बाकीच्या तीन तारा आपोआप जागी लागतात. चार आकडे, एक बाण. पुस्तिका माझ्यापासून हातभर अंतरावर सबंध सकाळभर पडून होती.

तुमच्या तीन सिलिंडरच्या गाडीत बहुधा प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल. तशी असली तर तारांचा घोळ होणार नाही, पण दुसरी एक गोष्ट बिघडू शकते आणि ती कितीतरी महागात पडते. ती म्हणजे प्लग किती आवळायचा.

पुस्तकात यासाठी न्यूटन मीटरमध्ये एक आकडा दिलेला असतो. हा आकडा म्हणजे काय, ते हाताला कळायला हवे. पाव मीटर लांबीचा पाना आडवा धरला आहे असे समजा, आणि त्याच्या टोकाला दहा किलोची तांदळाची पिशवी टांगली. नटावर जो पीळ पडेल तो साधारण २५ न्यूटन मीटर. लहान गाड्यांच्या प्लगचा आकडा बहुतेक वेळा ३० च्या आतच असतो. चाकाच्या नटाला मात्र ८० ते ११० च्या घरातला आकडा असतो, म्हणजे त्याच पान्याला तशा तीन ते चार पिशव्या. आपण आयुष्यात एखादा नट जोर लावून आवळलेला असतो तो बहुधा चाकाचाच, स्टेपनी बदलताना. हाताला तोच जोर माहीत असतो. त्या जोराने प्लग आवळला तर प्लगचे आटे पोलादाचे आणि तो ज्यात बसतो त्या सिलिंडर हेडचे अॅल्युमिनियमचे, त्यामुळे सैल पडतात ते हेडचे आटे. त्या क्षणी कळतही नाही. पाना अचानक हलका फिरतो, एवढेच. मग हेड लेथवाल्याकडे, आट्यांत हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचे तारेचे वेटोळे, बसवणे, आणि दीड-दोन हजारांच्या कामाची मोठी दुरुस्ती होऊन बसते.

व्हिडिओत ही गोष्ट दिसत नाही, कारण जोर कॅमेऱ्यात येत नाही. माणूस हसत हसत पाना फिरवतो आणि ‘टाइट कर दो’ म्हणतो. किती टाइट, ते त्याच्या मनगटात राहते. व्हिडिओतून हात कसा आत घालायचा, क्लिप कुठे दडली आहे, हे उत्तम कळते. ते जरूर पाहा. पण आणखी एक तपासा : व्हिडिओतले इंजिन तुमचेच आहे का? आपल्याकडे एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळी इंजिने येतात. अल्टोचेच घ्या. ८०० सीसीच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, जो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागतो, आणि के-टेनला टायमिंग चेन आहे. डिकीवरचे नाव वाचून काम सुरू करणाऱ्याला हा फरक कळत नाही. पुस्तकाची सुरुवातच इंजिन नंबर आणि चॅसी नंबर कुठे कोरला आहे इथून होते. ते पान लोक उलटून पुढे जातात. तुम्ही तिथून सुरुवात करा.

वाचायचे कसे, हेही सांगतो, कारण कादंबरीसारखे पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणीच वाचत नाही. तुमच्या कामाचा भाग एकदा वर घरात, पंख्याखाली बसून वाचा. पाने-पक्कड जवळ ठेवू नका. दुसऱ्यांदा खाली जाऊन, बोनेट उघडून, पण एकही नट न फिरवता वाचा. पुस्तकातला प्रत्येक शब्द गाडीवर बोटाने दाखवता आला पाहिजे. जो भाग दाखवता येत नाही तिथे थांबा. मी आजही असेच करतो. दुसऱ्या वाचनात दहा मिनिटे जातात आणि दर वेळी काहीतरी सापडतेच : एखादा बोल्ट दुसऱ्यापेक्षा लांब आहे, कनेक्टरची कुलपी पट्टी आधी ओढावी लागते, किंवा सोळा नंबरचा प्लग सॉकेट हवा आणि माझ्याकडे एकवीसचाच आहे. हे रविवारी साडेअकराला, दुकाने बंद असताना, अर्धे काम उघडे टाकून कळण्यापेक्षा शुक्रवारी कळलेले बरे.

पुस्तकातल्या सूचना तीन पायऱ्यांच्या असतात. सर्वांत वरच्या पायरीची सूचना न पाळल्यास माणसाला इजा होते, तिच्याखालच्या पायरीची न पाळल्यास गाडीचे नुकसान होते, आणि तिसरी म्हणजे साधी टीप, काम सोपे करणारी. पहिल्या दोन्हींवर पेन्सिलीने खूण करा. आणि त्यामागचे कारण शोधा. कारण कळले की सूचना डोक्यात राहते. उदाहरणार्थ, बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह तार आधी काढा आणि जोडताना शेवटी लावा, असे प्रत्येक पुस्तक सांगते. का? गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. आधी लाल तार काढायला गेलात आणि पान्याचे दुसरे टोक पत्र्याला टेकले, तर बॅटरीचा सगळा करंट पान्यातून धावतो. पाना लालभडक होतो आणि हात भाजतो. काळी तार आधी निघालेली असली तर तोच पाना पत्र्याला टेकला तरी काही होत नाही.

एका वाक्यापासून मात्र सावध राहा : ‘जोडणी उलट क्रमाने करावी.’ जगातल्या सगळ्या दुरुस्ती-पुस्तकांत हे वाक्य असते. खोलण्याच्या पंधरा पायऱ्या तपशीलवार दिल्यावर लिहिणारा थकतो आणि जोडणी एका ओळीत उरकतो. पण खोलताना जे तुटते, चेपते किंवा सांडते ते उलट क्रमाने परत येत नाही. ऑइल बदलताना खालच्या ड्रेन बोल्टचे वायसर एकदा दाबले गेले की ते नवेच लागते. ब्रेकचा पाइप सुटला की त्यात हवा शिरते, ती ठरलेल्या चाकापासून क्रमाने काढावी लागते. म्हणून खोलतानाच मोबाइलवर फोटो काढत जा, आणि नट-बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवा. प्रत्येक खड्ड्यात एक पायरी. आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ चाळीस वर्षे असेच करत आले, त्यांच्याकडे काम संपल्यावर एकही नट उरलेला मी पाहिला नाही.

सोसायटीच्या आवारात तुम्ही फक्त प्लग आणि फिल्टर बदलणार असाल तर कोणी हरकत घेणार नाही. पुढे ऑइल बदलायचा मोह होईल. लहान गाडीतून साधारण तीन लिटर काळे ऑइल निघते. ते गटारात ओतू नका. बोरिवलीचे गटार पोईसर किंवा दहिसर नदीला मिळते, आणि वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. जुन्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या. त्यांच्याकडे त्यासाठी पिंप असते.

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत फक्त हवा किती भरायची, फ्यूज कुठे आहे, एवढेच आहे. खरे दुरुस्तीचे पुस्तक मागितले तर सर्व्हिस सेंटरमध्ये ‘ते बाहेर देत नाही’ म्हणाले. मग वाचायचे काय?

उत्तर : तुम्ही दोन पुस्तकांतला फरक अचूक पकडलात. एक मालकाची पुस्तिका, दुसरे वर्कशॉप मॅन्युअल. भाग कसा खोलायचा, किती आवळायचा, कुठली फट किती, हे दुसऱ्यात असते आणि ते सहसा कंपनीच्या वर्कशॉपबाहेर जात नाही. हीच अडचण इंग्लंडच्या जॉन हेन्झ यांना आली होती. हवाई दलातल्या नोकरीत एडनला असताना त्यांनी एका सहकाऱ्याला त्याची मोडकी ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्त करायला मदत केली, आणि कंपनीचे मॅन्युअल सामान्य माणसासाठी लिहिलेलेच नाही हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी गाडी खोलतानाचे आणि जोडतानाचे एकेक पायरीचे फोटो काढले. त्यातून १९६६ मध्ये पहिले हेन्झ मॅन्युअल निघाले. भारतीय गाड्यांना अशी परंपरा लाभली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मराठीत तर हे काम जवळजवळ कोणी हातीच घेतलेले नाही.

तुम्हाला मिळालेला नकार देशात इतर अनेकांनाही मिळाला आहे, आणि त्यावर निकालही झाला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना दोषी धरले. सुटे भाग, तपासणीची उपकरणे आणि दुरुस्तीची मॅन्युअले बाहेरच्या गॅरेजना न मिळू देणे ही बाजाराची अडवणूक आहे, असे आयोगाने म्हटले आणि एकूण २५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड लावला. बाहेरच्या गॅरेजमध्ये गेल्याबद्दल सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही सांगितले. पुढे अपिले झाली आणि प्रकरण वरच्या न्यायालयांत गेले. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये त्याच नावाचे पोर्टल सुरू झाले. त्यात मोटारींचा समावेश आहे. तुमच्या कंपनीने तिथे काय काय दिले आहे ते आधी पाहा.

तोवर एक पुस्तक मी निश्चित सुचवीन. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्याची पाठ्यपुस्तके चेन्नईची ‘निमी’ ही सरकारी संस्था छापते. तुमच्या गाडीचे नेमके आकडे त्यात नाहीत, पण फट मोजायचे फीलर गेज कसे धरायचे, ब्रेकमधली हवा कशी काढायची, जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी लावल्याशिवाय का शिरायचे नाही, हे आकृत्यांसह आहे. मुलुंडला आयटीआय आहेच. तिथल्या एखाद्या निदेशकाशी बोलून पाहा. शिकवणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो वेळ देतो, असा माझा अनुभव आहे.

आणि ज्या पुस्तिकेला तुम्ही ‘एवढेच’ म्हणता तिच्याकडे पुन्हा एकदा पाहा. ब्रेक ऑइल कुठल्या ग्रेडचे, हे तिच्यातच आहे. डॉट ३, डॉट ४ हे आकडे साधे वाटतात. हे तेल हवेतली ओल पिते. डॉट ४ ताजे असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या हवेत ओल किती असते ते तुम्हाला सांगायला नको. घाट उतरताना ब्रेक तापले आणि तेल उकळले तर पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल थेट खाली जाते. म्हणूनच पुस्तिकेत ठरावीक मुदतीने ते बदलायला सांगितलेले असते, भले वरून डबी भरलेली दिसो. झाकण विनाकारण उघडू नका, आणि थेंब रंगावर पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

तुमची गाडी सीएनजीवर असेल तर पुस्तिकेतला तो भाग वाचा आणि पाना खाली ठेवा. सिलिंडरमध्ये भरल्यावर सुमारे २०० बारचा दाब असतो, टायरमधल्या हवेच्या जवळजवळ नव्वदपट. पाइप, व्हॉल्व्ह, सिलिंडर यांना फक्त अधिकृत केंद्राने हात लावायचा, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करून घ्यायची. हाच नियम एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना. एरवी मी घरी काम करायला प्रोत्साहन देतो. या तीन ठिकाणी देत नाही.

प्रश्न : अंधेरी सबवेत पाणी भरले आणि गाडी मध्येच बंद पडली, तर पहिली गोष्ट काय करावी? – एक वाचक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : चावी पुन्हा फिरवू नका. मालकाच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते, आणि ते पान कोरड्या दिवशी वाचायचे असते.

कारण असे. इंजिनने हवेच्या वाटेने पाणी ओढले की ते सिलिंडरमध्ये साचते. पिस्टन वर येताना हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर गाड्यांची जी रांग गॅरेजांबाहेर लागली, तिच्यातल्या कित्येक गाड्यांचे इंजिन पाण्यापेक्षा नंतर मारलेल्या सेल्फने गेले, असे त्या दिवसांत काम केलेले मेकॅनिक आजही सांगतात. विम्यातही इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर असे नुकसान बहुतेक वेळा धरले जात नाही.

पण गाडीचा विचार नंतर. पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत येताच काचा खाली करा आणि सगळ्यांना बाहेर काढा. त्या जुलैत बंद गाड्यांत अडकून माणसे गेली आहेत. गाडी नंतर टो करून, बॅटरी काढून, प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय सुरू करायची नाही.

टो करायचा हुक बहुतेक नव्या गाड्यांत बंपरला लावलेला नसतो. तो डिकीत, जॅकच्या पिशवीत असतो, आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून आत फिरवून बसवावा लागतो. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. पाऊस सुरू होण्याआधी एका सकाळी तो काढा, बसवून पाहा, आणि परत पिशवीत ठेवा.